कोर्टातली वंशभेदाची गोष्ट लिहायचीय? मग व्हिलन बाजूला ठेवा आणि ज्युरीची यादी काढा

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं छोटं गाव, उकाडा, कापसाची शेतं, एका काळ्या माणसावर खोटा आळ, एक भला गोरा वकील, एक दुष्ट शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), शेवटी लांबलचक भाषण आणि अन्यायाचा निकाल. असं काहीतरी लिहायची हौस बऱ्याच जणांना असते आणि लिहायला बसलं की बहुतेक जण हाच सांगाडा उचलतात. सांगाडा वाईट नाही हो, पण त्यात वंशभेद म्हणजे दोनचार नालायक माणसांचा स्वभाव होऊन बसतो, ते दोनचार गेले की गाव चांगलं. खऱ्या केसेस वाचायला घेतल्या की दिसतं की तिथे कुणी फार दुष्ट असायची गरजच नव्हती. ज्युरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य माणसांची, यादी कुणी बनवली, वकील कधी मिळाला, साक्षीदार कुणाच्या जमिनीवर राहतो एवढ्यावर निकाल आधीच ठरलेला असायचा, आणि वर सगळं कायदेशीर, सहीशिक्क्यासकट. तेव्हा पूर्वग्रह माणसांच्या तोंडी कमी घाला आणि कामकाजात जास्त दाखवा, माझं सांगणं एवढंच आहे. ते कसं करायचं ते आता क्रमाने.

१. आधी साल पक्कं करा, आणि राज्यसुद्धा

"साधारण पन्नास-साठच्या दशकात" असं ढगळ ठेवून चालत नाही, कारण दर काही वर्षांनी नियम बदललेत आणि तुमचा अख्खा प्लॉट त्या नियमावर उभा असतो. १९३२ मध्ये पॉवेल विरुद्ध अलाबामा या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मृत्युदंडाच्या अशा केसमध्ये, जिथे आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नाही, तिथे त्याला खराखुरा वकील मिळालाच पाहिजे. पण गरीब आरोपीला कुठल्याही गंभीर गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील हा हक्क आला १९६३ ला, गिडियनच्या केसमध्ये. मधल्या तीस वर्षांत साध्या चोरीच्या आरोपात माणूस वकिलाशिवाय उभा राहू शकायचा, राज्यावर अवलंबून.

बायकांचंही तसंच. अलाबामात १९६६ पर्यंत आणि मिसिसिपीत १९६८ पर्यंत बायका ज्युरीत बसूच शकत नव्हत्या, गोऱ्यासुद्धा. म्हणजे १९५० च्या अलाबामात तुम्ही "ज्युरीतल्या एका म्हातारीच्या डोळ्यात पाणी आलं" असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. एका कागदावर साल, राज्य आणि त्या सालचे नियम लिहून समोर चिकटवा.

२. गावाचा नकाशा नको, उधारीचा नकाशा काढा

गोष्ट ज्या गावात घडते ते शक्यतो काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण असू द्या, म्हणजे चौकात कोर्ट आपसूक येतं. आता लक्षात घ्या, शेरीफ निवडून येतो, सरकारी वकील निवडून येतो आणि बऱ्याच राज्यांत जजसुद्धा निवडून येतो. म्हणजे तिघांनाही पुढच्या निवडणुकीत त्याच गावाची मतं पाहिजेत, आणि त्या काळात मतदार यादीत काळी माणसं जवळजवळ नसायचीच. हे एक कळलं की तुमच्या जजला राक्षस करायची गरज उरत नाही.

उलटं उदाहरण बघा, ते जास्त कामाचं आहे. स्कॉट्सबोरोच्या केसमध्ये (अलाबामात नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या बायकांवरच्या बलात्काराचा खोटा आळ आला होता ती) १९३३ ला जज जेम्स हॉर्टन यांनी हेवूड पॅटरसनला दोषी धरणारा ज्युरीचा निकाल रद्द केला, पुरावा टिकत नाही म्हणून. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. आरोपी काही सुटला नाही, दुसरा जज आला आणि खटला परत उभा राहिला. आता असा माणूस तुमच्या गोष्टीत असेल तर तो निकाल लिहिण्याआधी रात्री काय हिशेब करत असेल, बायकोशी काय बोलत असेल, तिथे खरं नाट्य आहे.

मग बाकीच्यांचा हिशेब मांडा. कोण कुणाची जमीन कसतो, कुणाचं दुकानात खातं चालतं, कुणाची मोलकरीण कुणाच्या घरी आहे, बँकेचं कर्ज कुणावर आहे. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वर्षाअखेरीला मालक स्वतःच्या वहीत करायचा, आणि ती वही बघायला मागणं म्हणजे भांडण. असा माणूस साक्षीदार असेल आणि मालक ज्युरीत बसलेल्याचा मेव्हणा असेल तर धमकीचा सीन लिहायलाच नको, नुसतं "या वर्षी हिशेब जरा लवकर करू म्हणतो" एवढं वाक्य पुरतं.

१९५५ मध्ये मिसिसिपीतल्या समनर गावात एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला. टिल चौदा वर्षांचा काळा मुलगा होता, आरोपी गोरे. गावात वकील पाच, आणि पाचही आरोपींच्या बाजूने उभे राहिले. लहान गाव म्हणजे काय ते या एका आकड्यात आलं.

३. केस साधी ठेवा आणि तारखांचा तक्ता करा

खुनी कोण हे रहस्य शेवटच्या पानापर्यंत ताणायचा मोह होतो, तो आवरा. आरोपी निर्दोष आहे हे वाचकाला तिसऱ्या चॅप्टरला कळलं तरी चालतं, किंबहुना तसंच बरं, कारण मग वाचक "कोणी केलं" विचारत नाही, "आता हे याला कसे अडकवणार" ते बघतो.

आणि वेग. आपल्या डोक्यात खटला म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळणारी गोष्ट, तिथे उलटं व्हायचं, घाईच भयंकर होती. स्कॉट्सबोरोची नऊ पोरं २५ मार्च १९३१ ला मालगाडीतून उतरवून पकडली आणि ६ एप्रिलला खटला सुरू, त्याच आठवड्यात आठ जणांना मृत्युदंड. मिसिसिपीत १९३४ ला तीन काळ्या शेतमजुरांवर खुनाचा आरोप होता, ३० मार्चला खून, ४ एप्रिलला आरोपपत्र, ५ आणि ६ ला खटला, आणि शिक्षा फाशीची. पुरावा काय तर कबुलीजबाब, आणि तो चाबकाने मारून घेतलेला. एकाच्या मानेवर दोराचा वळ कोर्टात सगळ्यांना दिसत होता. मारहाण झाली का असं विचारल्यावर शेरीफच्या डेप्युटीने साक्षीत ती नाकारलीसुद्धा नाही, काळ्या माणसासाठी ती काही फार नव्हती असं तो शपथेवर सांगून गेला. तरी ज्युरीने दोषी ठरवलं. १९३६ ला सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द केलं, ब्राउन विरुद्ध मिसिसिपी म्हणून ती केस प्रसिद्ध आहे.

यातून लेखकाने उचलायची गोष्ट म्हणजे लपवाछपवी नव्हती. आपण लिहिताना शेरीफला रात्री कंदिलाच्या उजेडात पुरावे जाळताना दाखवतो. तिथे दिवसाढवळ्या, शपथेवर, टायपिंग चालू असताना सांगितलं जात होतं. तुमच्या ड्राफ्टमधला शेरीफ काढून त्याजागी एक सभ्य, मृदू बोलणारा माणूस बसवून बघा. निकाल तोच येत असेल तर गोष्ट मजबूत आहे, आणि बदलत असेल तर तुम्ही एका माणसाची गोष्ट लिहिताय, गावाची नाही.

४. ज्युरी. इथे जास्तीत जास्त वेळ घालवा

आपल्याकडे ज्युरी नाही त्यामुळे मराठी वाचकाला बारा माणसं कुठून येतात हेच माहीत नसतं, आणि लेखकही "बारा गोरे ज्युरर बसले होते" असं एका वाक्यात उरकतो. अहो पण ते बारा गोरेच का बसले? अख्खी कादंबरी त्यात आहे.

कायद्याने काळ्यांना ज्युरीतून वगळणं १८८० मध्येच बेकायदा ठरलं होतं, स्ट्रॉडर विरुद्ध वेस्ट व्हर्जिनियात. मग पुढची शंभर वर्षं काय चाललं होतं? तर रीती. एक रीत म्हणजे यादीच मतदारांमधून काढायची, आणि मतदार नोंदणीत काळ्यांना येऊच द्यायचं नाही. टिल खटल्याच्या टॅलाहाची काउंटीत काळी वस्ती गोऱ्यांपेक्षा जास्त होती आणि ज्युरी पूर्ण गोरी, पूर्ण पुरुष.

दुसरी रीत म्हणजे यादी आहे पण नावं नाहीत, आणि कुणी विचारलं की नावं उगवतात. नॉरिस विरुद्ध अलाबामा, १९३५. काउंटीच्या ज्युरी रजिस्टरमध्ये काही काळ्या माणसांची नावं निघाली, बचाव पक्ष म्हणाला ही मागाहून घुसडली आहेत, आणि वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टाच्या जजनी ते रजिस्टर समोर घेऊन भिंगातून पाहिलं. न्यायमूर्ती भिंग घेऊन शाईच्या रेघा तपासतायत, याहून चांगला कोर्टरूम सीन कल्पनेने सुचणार नाही.

तिसरी रीत माझ्या दृष्टीने सगळ्यात थंड. जॉर्जियातली एव्हरीची केस, १९५३ चा निकाल. केस अटलांटाची आहे, खेड्यातली नाही, पण युक्ती कुठेही बसते. गोऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पांढऱ्या आणि काळ्यांच्या पिवळ्या, सगळ्या एकाच पेटीत. जज पेटीत हात घालून चिठ्ठ्या काढणार. त्या वेळी साठ चिठ्ठ्या निघाल्या, त्यात पिवळी एकही नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही, शिवी नाही, धमकी नाही, कागदाचा नुसता रंग. हे गोष्टीत असं येऊ शकतं:

"क्लार्कने पेटी टेबलावर ठेवली आणि हलवली. जजसाहेब खिडकीबाहेर बघत होते, निदान तसं दाखवत होते. हात आत गेला, जरा थांबला, बाहेर आला. पांढरी. परत आत. पांढरी. मागच्या बाकावरची शाळामास्तरीण चिठ्ठ्या मोजत होती. तिसाव्या चिठ्ठीला तिने मोजणं सोडलं."

यात वंशभेद हा शब्द नाही, लेखकाचं भाष्य नाही, आणि तरी सगळं आहे.

१९६५ नंतरची गोष्ट लिहीत असाल तर चौथी रीत बघा, म्हणजे यादीत नावं आहेत, माणसं कोर्टात आली आहेत, आणि सरकारी वकील कारण न देता एकेकाला घरी पाठवतोय. तो हक्क दोन्ही बाजूंना ठराविक संख्येत असायचा. १९८६ ला बॅट्सनच्या निकालाने सांगितलं की रंगावरून असं काढता येणार नाही, आक्षेप आला तर कारण द्यावं लागेल. मग काय, कारणं देणं सुरू झालं. मिसिसिपीतल्या विनोना गावच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला, त्या सहा खटल्यांत मिळून ४२ पैकी ४१ काळे संभाव्य ज्युरर काढले. सहाव्या वेळी काढलेल्या पाच काळ्यांना मिळून १४५ प्रश्न विचारले आणि बसवलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. सुप्रीम कोर्टाने २०१९ ला शिक्षा रद्द केली ती या मोजदादीवर. लिहिताना हेच तंत्र वापरा, एका माणसाला दोन प्रश्न आणि पुढच्याला दोन पानं. तुम्ही आरोपीला ओळखता का, आरोपीच्या बहिणीला ओळखता का, तिच्याबरोबर कामाला होता का, किती वर्षं, कुठल्या शिफ्टला... गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे कारण सापडतंच.

५. वकील

बाहेरून येणारा किंवा गावातलाच एकटा शूर गोरा वकील, हे पात्र इतकं वापरून झालंय की आता त्याला हात लावायचा तर काहीतरी वेगळं पाहिजे. काळे वकील होते हे विसरू नका. १९३३ मध्ये व्हर्जिनियातल्या लीसबर्गला चार्ल्स ह्यूस्टन यांनी पूर्ण काळ्या वकिलांची टीम घेऊन जॉर्ज क्रॉफर्डचा खुनाचा खटला लढवला. तिथे जीव वाचवणं एवढंच साधलं, जन्मठेप झाली, आणि त्या काळात तो विजय मानला गेला. "फाशी टळली" याला जिंकणं म्हणायची वेळ येते तेव्हा वकील घरी जाऊन काय करतो, यावर चांगलं लिहिता येईल.

बाहेरचा वकील आणायचाच असेल तर त्याची किंमतही दाखवा. स्कॉट्सबोरोत सॅम्युएल लायबोविट्झ न्यूयॉर्कहून आले, उलटतपासणी जबरदस्त, आणि सरकारी बाजूने ज्युरीला सांगितलं काय, तर अलाबामाचा न्याय न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने विकत घेता येत नाही. म्हणजे वकील जितका हुशार तितका आरोपी गोत्यात. आणि सरकारने नेमलेला वकील हा तिसरा प्रकार, त्याला दारुडा वगैरे करू नका, सभ्य, दमलेला, सकाळी नऊला नाव कळलं आणि दहाला उभा राहिला एवढं बस.

आरोपीला मात्र बोलू द्या. या प्रकारच्या गोष्टींत त्याला नेहमी नुसतं सोसणारं गरीब बिचारं करून ठेवतात. त्याला राग आहे, त्याचा वकिलावर विश्वास नाही, त्याला सरकारी बाजूने देऊ केलेली तडजोड घ्यावीशी वाटतेय, असं काहीतरी.

६. कोर्टाच्या आतलं, आणि आपल्या सवयी

हे पटापट. "मायलॉर्ड" नाही, "युअर ऑनर". वकिलाला काळा गाऊन नाही. आरोपीचा कठडा नाही, तो आपल्या वकिलाशेजारी टेबलाशी बसतो, आणि हे फार उपयोगी आहे कारण दोघं कुजबुजू शकतात, चिठ्ठी सरकवू शकतात. आरोपीने साक्ष द्यायलाच पाहिजे असं नाही.

आता बसायची जागा. काळे प्रेक्षक वेगळ्या भागात, बऱ्याच ठिकाणी वर गॅलरीत. समनरला, टिलच्या खटल्यात, काळ्या पत्रकारांना बाजूला एक पत्त्यांचं टेबल दिलं होतं आणि अमेरिकन संसदेचे काळे सदस्य चार्ल्स डिग्ज खटला बघायला आले तेही तिथेच बसले. कोर्टात अशी वेगळी बसण्याची सक्ती घटनाबाह्य आहे हे सुप्रीम कोर्टाने १९६३ ला सांगितलं.

आणि हाक मारणं. गोऱ्या साक्षीदाराला मिस्टर, मिस, मिसेस, आणि काळ्याला नुसतं पहिलं नाव, मग तो सत्तरीचा का असेना. १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेनला मेरी हॅमिल्टन साक्ष देत होत्या, वकील "मेरी" म्हणाला, त्यांनी मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही असं सांगितलं, तर कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. मराठीत लिहिणाऱ्याला तर इथे घबाडच मिळालंय. एका साक्षीदाराला "आपण त्या संध्याकाळी कुठे होता?" आणि पुढच्याला "तू कुठे होतास रे?", बस, एकही स्पष्टीकरण देऊ नका. फक्त सगळीकडे सांभाळा, मध्येच सरकारी वकील काळ्या बाईला "तुम्ही" म्हणाला तर तो एकतर चुकलाय किंवा डाव टाकतोय, आणि वाचकाला कुठलं ते कळलं पाहिजे. शिव्यांचंही तेच, दर पानावर घातल्या की बोथट होतात.

साक्षीदाराला काय मोजावं लागतं ते दाखवा. मोझ राइट, टिलच्या आजीच्या बहिणीचे यजमान, साठीच्या पुढचे, भर कोर्टात उभे राहिले आणि हात लांब करून आरोपीकडे बोट दाखवलं. खटल्यानंतर ते मिसिसिपी सोडून गेले, उभं पीक टाकून. साक्षीचा सीन सगळे लिहितात, सामान बांधण्याचा कोणी लिहीत नाही.

अजून एक, आक्षेप. वकील "ऑब्जेक्शन" म्हणतो आणि जज फेटाळतो, हे निव्वळ हवा करायला नसतं. खाली हरायचंय हे माहीत असताना तो आक्षेप नोंदवून ठेवतो, कारण वरच्या कोर्टात सहसा तेच बघतात जे खाली रेकॉर्डवर आलंय. म्हणजे तुमचा वकील ज्युरीकडे बघून बोलतोय असं वाटतं, पण खरा बोलतोय तो कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या माणसाशी. तो टायपिस्ट गावचाच आहे, हळू करतो, मध्येच "ऐकू आलं नाही" म्हणतो. करून बघा.

७. निकाल, आणि मग

ज्युरीच्या खोलीत कॅमेरा न्यायचा की बाहेर थांबायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मला बाहेर थांबणं आवडतं कारण घड्याळ बोलतं. टिलच्या खटल्यात आरोपींना निर्दोष ठरवायला ६७ मिनिटं, आणि एक ज्युरर म्हणाला कोल्ड्रिंक प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता. साउथ कॅरोलायनात १९४४ ला चौदा वर्षांच्या जॉर्ज स्टिनीला दोषी ठरवायला दहा मिनिटांच्या आसपास. ती शिक्षा रद्द झाली २०१४ ला, त्याला इलेक्ट्रिक चेअरवर बसवून सत्तर वर्षं झाल्यावर.

बहुतेक राज्यांत बाराही जणांचं एकमत लागायचं, नाही झालं तर खटला बाद आणि हवं तर परत. नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स यांच्या मारेकऱ्यावर १९६४ ला दोनदा असं झालं, शिक्षा झाली १९९४ ला. लुइझियाना आणि ऑरेगॉनमध्ये बऱ्याच गुन्ह्यांत एकमत लागायचं नाही, ते २०२० पर्यंत पूर्ण थांबलं, तेव्हा गोष्ट तिथली असेल तर वेगळा हिशेब.

निर्दोष सुटला की मात्र संपलं, त्याच गुन्ह्यासाठी परत खटला नाही. टिलच्या मारेकऱ्यांनी जानेवारी १९५६ मध्ये एका मासिकाला पैसे घेऊन सगळं सांगून टाकलं, आम्हीच मारला म्हणून, आणि कुणी काही करू शकलं नाही. दोषी ठरला तर अपील, पण अपिलात बहुतेक वेळा "हा निर्दोष आहे" यावर वाद होत नाही, "प्रक्रियेत काय चुकलं" यावर होतो. अलाबामाच्या मनरोव्हिलमधल्या वॉल्टर मॅकमिलियनला खटल्याआधीच डेथ रोवर, म्हणजे मृत्युदंड झालेल्या कैद्यांच्या कोठड्यांत, ठेवलं होतं, खटला जास्त गोऱ्या वस्तीच्या काउंटीत हलवला, ज्युरीने जन्मठेप सुचवली तर जजने ती बदलून मृत्युदंड दिला. १९८८ ची शिक्षा, सुटका १९९३ ला. खटला हलवणं हे कागदावर आरोपीच्या भल्यासाठी असतं, यातली खोच लक्षात घ्या आणि वापरा.

लिहायला बसण्याआधी खरी कागदपत्रं वाचा, अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे निकाल नेटवर फुकट मिळतात. सुरुवात ब्राउन विरुद्ध मिसिसिपीपासून करा, छोटा आहे, आणि घटनांचा भाग आधी वाचा, कायद्याचा नंतर. टिल खटल्याचं जबानीचं टायपिंग कित्येक दशकं हरवलेलं होतं, २००४ मध्ये एफबीआयने तपास परत उघडला तेव्हा एक प्रत हाती लागली, तीही वाचता येते. वाचताना वही जवळ ठेवा आणि भाषणं सोडून द्या, जज मध्ये कुठे बोलला, साक्षीदाराने प्रश्न परत विचारायला कुठे सांगितला, कोण कुणाला कुठल्या नावाने हाक मारतंय, फक्त तेवढं उतरवून घ्या.